छोट्या संस्थेसाठी परवडणारी संगणक-मदत: आधी कागद, मग माणूस, मग सॉफ्टवेअर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुमची नोंदणीकृत संस्था आहे. मुलींची अभ्यासिका आणि बचत गटातल्या बायकांसाठी शिवणकामाचे वर्ग चालतात. वर्षाचा खर्च बारा लाखांच्या घरात, पगारी माणसे तीन, कार्यालयात दोन जुने संगणक. एका विक्रेत्याने ‘एनजीओ मॅनेजमेंट सॉफ्टवेअर’चे १ लाख ८० हजारांचे कोटेशन दिले आहे, शिवाय दरवर्षी देखभालीचे पैसे वेगळे. ते घ्यावे का, आणि न घेतल्यास कमी पैशांत मदत कुठून मिळवावी, हे तुम्ही विचारले आहे.

घेऊ नका. निदान यंदा तरी नको. वर्षाच्या खर्चातला जवळपास सातवा हिस्सा अशा वस्तूवर जाईल, जी वापरायला तुमच्याकडे आज माणूस नाही. छोट्या संस्थांसाठी फुकट किंवा नाममात्र दरातले सॉफ्टवेअर आज भरपूर आहे. अडते ते दुसरीकडेच. कागदपत्रांतली नावे एकमेकांशी जुळत नाहीत, खात्यांचे पासवर्ड कुणा एकाच्या फोनमध्ये असतात, आणि ‘कॉम्प्युटरचे काम कोणाचे’ याचे उत्तर कार्यकारिणीने कधी दिलेले नसते. या तीन गोष्टी मार्गी लागल्या की बाकीची मदत दारात येते. म्हणून मी आधी त्यांच्याबद्दल लिहितो.

कागदांपासून सुरुवात करू, कारण इथेच सर्वांत जास्त अर्ज अडतात. गूगल, मायक्रोसॉफ्ट, कॅनव्हा यांसारख्या कंपन्या सेवाभावी संस्थांना मोफत किंवा सवलतीत सेवा देतात, पण आधी संस्था खरी आहे याची पडताळणी करतात. गूगलसाठी हे काम गुडस्टॅक नावाची कंपनी करते. टेकसूप ही १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली संस्था. तिची भारतातली शाखा अनेक कंपन्यांची सवलतीतली उत्पादने पडताळणी करून, थोडे प्रशासकीय शुल्क घेऊन देते. तुमचे कागद तपासणारा माणूस सांगलीत नसतो, बहुधा भारतातही नसतो. त्याच्यासमोर तुमचे धर्मादाय कार्यालयाचे मराठी प्रमाणपत्र, पॅन कार्ड आणि बँकेचे पासबुक येते, आणि तिन्हींवर संस्थेचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असते. पॅनवर ‘बहुउद्देशीय’ गाळलेले, पासबुकात ‘मंडळ’चे स्पेलिंग वेगळे, वेबसाइटवर फक्त लाडके छोटे नाव. अर्ज नाकारला जातो आणि कारण नीट कळत नाही.

एका फोल्डरमध्ये हे कागद स्वच्छ स्कॅन करून ठेवा: सोसायटी नोंदणी प्रमाणपत्र, सार्वजनिक न्यासाचे प्रमाणपत्र, संस्थेचे पॅन, प्राप्तिकर खात्याचा १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणीचा आदेश, एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणी पोर्टलचा क्रमांक, शेवटच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल. त्यातला प्राप्तिकराचा आदेश इंग्रजीत असतो, म्हणून परदेशी पडताळणीला तोच पुढे करावा. मराठी प्रमाणपत्रासोबत नोटरी केलेले भाषांतर जोडावे. त्या आदेशावर नोंदणी कोणत्या वर्षापर्यंत आहे तेही बघून घ्या. २०२१ साली मिळालेल्या बहुतेक नोंदण्या पाच वर्षांच्या होत्या, आणि नूतनीकरण राहून गेले असेल तर सॉफ्टवेअरच्या आधी ते काम करा. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात तो बदल नोंदवणारा फेरफार अर्ज दाखल केलेला असावा. दर्पणवर जुन्या, हयात नसलेल्या अध्यक्षांचे नाव आणि अर्जावर नव्यांचे, ही तफावत मी अनेक संस्थांत पाहिली आहे. हे सगळे पूर्ण व्हायला काही आठवडे लागतात, पण एकदा झाले की सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीही तेच कागद चालतात.

एक इशारा. तुमच्या संस्थेच्या नावात ‘शिक्षण’ आहे. गूगलची सेवाभावी संस्थांसाठीची योजना शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालयांना मिळत नाही. शाळांसाठी त्यांची वेगळी मोफत योजना आहे. तुम्ही शाळा चालवत नाही, अभ्यासिका चालवता, तेव्हा अर्जातल्या पहिल्याच वाक्यात हे स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची, म्हणजे खाती आणि पासवर्ड कोणाच्या हाती आहेत याची. कोकणातल्या एका संस्थेची वेबसाइट एका उत्साही विद्यार्थ्याने करून दिली होती. साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्याने स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या कार्डावर घेतला. तो नोकरीला परगावी गेला, कार्ड बदलले, नूतनीकरणाच्या सूचना त्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. मुदत संपली आणि तो पत्ता भलत्याच कोणीतरी विकत घेतला. संस्थेच्या छापील माहितीपत्रकांवर, देणगी पावत्यांवर, गावातल्या फलकावर तोच पत्ता होता. मुलाने काही वाईट केले नव्हते. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की हे संस्थेच्या नावावर हवे.

म्हणून पहिला खर्च डोमेनचा करा. वर्षाला साधारण हजार-दीड हजाराच्या आत काम होते. शक्य असेल तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. नोंदणी संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर, आणि पडताळणीचा मोबाइल क्रमांक कार्यालयातल्या सिमचा. ते सिम कोणाच्या वैयक्तिक फोनमध्ये टाकू नका. साधा बटणांचा फोन घ्या आणि तो कपाटात पावतीपुस्तकांशेजारी ठेवा. ओटीपी तिथेच येईल.

मग कार्यकारिणीत एक ठराव करा आणि इतिवृत्तात लिहून घ्या: संस्थेची कोणती ऑनलाइन खाती आहेत, प्रत्येकाचे मुख्य नियंत्रण कोणत्या दोन व्यक्तींकडे आहे, आणि त्यांतली एक व्यक्ती संस्था सोडून गेल्यास किती दिवसांत बदल करायचा. दोन व्यक्ती, एक नाही. पासवर्ड साठवायला बिटवॉर्डनसारखे मुक्त स्रोतातले, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे, साधन मोफत मिळते. ते जड वाटले तर वहीत लिहून सीलबंद पाकिटात खजिनदारांच्या कपाटात ठेवले तरी चालेल. एकाच पोरीच्या व्हॉट्सॲपमध्ये असण्यापेक्षा ते कितीतरी बरे. फेसबुक पेज, यूट्यूब, बँकेचे नेटबँकिंग, प्राप्तिकर पोर्टल, धर्मादाय आयुक्तांचे पोर्टल, दर्पण, सगळे त्या यादीत आले पाहिजे. प्राप्तिकर पोर्टलचा पासवर्ड बहुतेक संस्थांत फक्त सीएंच्या कार्यालयात असतो. तो मागून घ्या. टॅलीतल्या हिशेबाचा बॅकअपही दर तिमाहीला पेनड्राइव्हवर मागून घ्या. हिशेब तुमचा आहे, आणि कोणताही चांगला सीए यात वाईट वाटून घेत नाही.

आता मोफत सेवांकडे येऊ. माझ्या मते तुम्हाला यांतल्या दोनच पुरेत. गूगल वर्कस्पेसची सेवाभावी संस्थांसाठीची आवृत्ती मोफत आहे. स्वतःच्या डोमेनवरचे ईमेल, सामायिक ड्राइव्ह, फॉर्म, व्हिडिओ बैठका हे सगळे त्यात येते. डोमेन आधी घ्या म्हणालो ते यासाठीही. सामायिक ड्राइव्हचा खरा फायदा असा की फाइल माणसाच्या नावावर नसते, संस्थेच्या नावावर असते. समन्वयक सोडून गेली तरी फोटो आणि अहवाल जागेवर राहतात. दुसरी सेवा कॅनव्हाची. त्यांचा सशुल्क प्लॅन पात्र संस्थांना पन्नास जणांपर्यंत मोफत मिळतो. कार्यक्रमाची पत्रिका, वार्षिक अहवाल, आभारपत्र, सगळे त्यावर होते, आणि मराठी फॉन्टही चांगले आहेत.

मायक्रोसॉफ्टची बिझनेस बेसिक आवृत्ती पात्र संस्थांना ३०० वापरकर्त्यांपर्यंत मोफत आहे, पण त्यात वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये चालतात. संगणकावर बसवण्याचे वर्ड-एक्सेल त्यात नाही. पूर्वी दहा जणांसाठी बिझनेस प्रीमियम फुकट मिळायचे. ती देणगी कंपनीने २०२५ मध्ये बंद केली, आणि ज्या संस्थांनी सगळे काम त्यावर उभे केले होते त्यांना अचानक पैशांची जुळवाजुळव करावी लागली. कंपनीची मोफत योजना ही कंपनीच्या मर्जीवर असते. ती जरूर घ्या, पण तुमची माहिती साध्या एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येईल याची खात्री आधी करा आणि वर्षातून दोनदा खरोखर काढून बघा. ऑफलाइन लिहायला-हिशेबाला लिबरऑफिस मोफत आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

गूगलची महिना दहा हजार डॉलरपर्यंतच्या मोफत जाहिरातींची योजना तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. आकडा मोठा वाटतो, पण तो रोख पैसा नाही, शोधनिकालांत दिसणाऱ्या मजकुराच्या जाहिराती आहेत, आणि योजना टिकवायची तर जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किमान पाच टक्क्यांनी त्यावर क्लिक करावे अशी अट आहे. त्यासाठी नियमित लक्ष घालणारा माणूस आणि नीट भरलेली वेबसाइट लागते. सध्या सोडून द्या. सेल्सफोर्स या देणगीदारांच्या नोंदी ठेवण्याच्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या दहा मोफत परवान्यांबद्दलही तेच सांगेन. ते सांभाळायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि त्याचा पगार तुमच्या आख्ख्या कार्यालयाच्या खर्चाहून जास्त असतो.

पैसे भरण्यातली एक अडचण पुस्तकात कुठे लिहिलेली सापडत नाही, पण प्रत्येक छोटी संस्था तिला अडखळते. तुमचे खाते दोन सह्यांचे असणार. दोन सह्यांच्या खात्यावर बँका सहसा डेबिट कार्ड देत नाहीत, आणि परदेशी कंपन्या सहसा कार्डावरच पैसे घेतात. मग सचिव स्वतःच्या कार्डाने भरतात, बिल त्यांच्या नावाने येते आणि लेखापरीक्षणात प्रश्न येतो. त्यामुळे जे विकत घ्यायचेच आहे ते शक्यतो भारतातल्या वितरकाकडून घ्या, जो एनईएफटी किंवा धनादेश घेतो आणि संस्थेच्या नावाने जीएसटीचे बिल देतो. सेवाभावी संस्था म्हणून जीएसटीतून सूट मिळेल असे गृहीत धरू नका. सॉफ्टवेअरवर १८ टक्के धरूनच हिशेब मांडा.

त्या विक्रेत्याचे सॉफ्टवेअर काय करणार आहे ते कोटेशनमध्ये पाहिले. देणगीदारांची नोंद, लाभार्थ्यांची नोंद, पावत्या, अहवाल. तुमच्या आकाराच्या संस्थेला हे नीट मांडलेल्या दोन तक्त्यांत होते. पण ‘नीट मांडलेल्या’ यावर थोडे थांबतो, कारण सगळी बचत तिथेच आहे.

देणगीचा तक्ता असा करा की मे महिन्यात तोच प्राप्तिकराच्या कामी यावा. ८०जी असलेल्या संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरावे लागते. आजवर ते १०बीडी या क्रमांकाने ओळखले गेले आणि उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क पडत आले आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, त्यामुळे फॉर्मचा चालू क्रमांक आणि रकाने सीएंकडून एकदा ताडून घ्या. तक्त्यात एवढे रकाने घाला: पावती क्रमांक, दिनांक, देणगीदाराचे पूर्ण नाव, पॅन, पूर्ण पत्ता, रक्कम, देणगीचा प्रकार (कॉर्पस म्हणजे कायम निधी, विशिष्ट अनुदान की इतर), आणि ती कशी आली (रोख, वस्तुरूपात, बँकेतून की अन्य मार्गाने). शेवटचे दोन रकाने लिहून टाकायचे नाहीत, यादीतून निवडायचे; एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये अशी यादी लावता येते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, तेव्हा रोखीच्या ओळीत रक्कम त्याहून मोठी दिसली की रंग बदलेल अशी सोय करून घ्या. हे काम जाणकार माणसाचे अर्ध्या दिवसाचे आहे. एप्रिलमध्ये पॅनसाठी दीडशे लोकांना फोन करण्याचा त्रास त्यातून वाचतो, कारण पॅनचा रकाना रिकामा राहिला की तो त्याच दिवशी दिसतो.

लाभार्थ्यांच्या तक्त्यातही दोन-तीन गोष्टी पाळा. वय लिहू नका, जन्मतारीख लिहा. वय दरवर्षी चुकते. प्रत्येक मुलीला एक क्रमांक द्या आणि अहवालांत नावाऐवजी तोच वापरा. गावाचे नाव हाताने टाइप करू देऊ नका. एकच गाव कोणी ‘कवठेमहांकाळ’, कोणी ‘कवठे महांकाळ’, कोणी ‘क. महांकाळ’ लिहिते, आणि मग तालुक्यात किती मुली आल्या हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. ते १ लाख ८० हजारांचेही सांगू शकणार नाही.

वाड्या-वस्त्यांवर जाऊन सर्वेक्षण करायचे असेल तर कोबो टूलबॉक्स वापरा. मानवतावादी कामासाठी तयार झालेले हे साधन आहे. प्रश्न मराठीत लिहिता येतात, फोनवर रेंज नसताना भरता येते, आणि रेंज आली की माहिती वर जाते. मोफत आवृत्तीला महिन्याच्या नोंदींची मर्यादा आहे, पण तुमच्या कामाला ती पुरून उरेल. पुढे काम खरेच वाढले, पाच-सहा तालुके झाले, तर अवनी हे क्षेत्रीय नोंदींसाठीचे आणि ग्लिफिक हे व्हॉट्सॲपवरील संवादासाठीचे, ही दोन्ही भारतात सामाजिक संस्थांसाठीच घडवलेली मुक्त स्रोत साधने आहेत. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअरही मुक्त स्रोतातले आहे. पण मुक्त स्रोत म्हणजे कोड फुकट. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट नसतो. आज तुम्हाला यांतले काहीच नको.

व्हॉट्सॲपचे म्हणाल तर बिझनेस ॲप मोफत आहे आणि तुम्हाला तेवढे पुरे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात. व्हॉट्सॲपचा ‘एपीआय’, म्हणजे सॉफ्टवेअरमधून आपोआप संदेश पाठवण्याची जोडणी, घ्या म्हणून फोन येतील. त्यात संदेशांमागे पैसे लागतात. पालकांना निरोप द्यायला त्याची गरज नाही.

आता माणूस. मदत करायला लोक आहेत, पण ‘आम्हाला आयटीची मदत हवी’ असे म्हटले की समोरच्याला काय करावे कळत नाही. तो वेबसाइट करून देतो, कारण त्याला तेच येते. मागणी लहान, स्पष्ट आणि शेवट असलेली हवी. उदाहरणार्थ: ‘तीन वर्षांच्या पावतीपुस्तकांतल्या नोंदी या तक्त्यात भरायच्या आहेत, दोन शनिवार, दोन माणसे, जेवण आमच्याकडे.’ किंवा ‘दोन संगणकांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवून आमच्या दोघींना वापरायला शिकवायचे, एक रविवार.’ अशा मागणीला माणसे हो म्हणतात आणि काम पूर्णही करतात.

पहिला दरवाजा गावातलाच ठोठावा. एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे आणि बहुतेक प्रत्येक तालुक्यात त्याचे केंद्र आहे. केंद्रचालकाकडे संगणक असतात, शिकवायला येणारी मुले असतात आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर असतो. तुमच्या दोन कार्यकर्त्यांना एक्सेल शिकवा आणि महिन्यातून एकदा येऊन यंत्रे बघा, असा वर्षाचा ठराव त्यांच्याशी करा आणि त्याचे मानधन द्या. थोडे का होईना, पण द्या. फुकट येणारा माणूस बारसे, लग्न, परीक्षा असली की येत नाही आणि आपल्याला त्याला बोलताही येत नाही. मी पाहिलेल्या संस्थांत जिथे गावातल्या एका तंत्रज्ञाला नियमित मानधन होते, तिथली व्यवस्था टिकली.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्पासाठी संस्था शोधत असतात. सांगली, कोल्हापूर, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरात महाविद्यालयांची कमतरता नाही. त्यांना ‘आमच्यासाठी सॉफ्टवेअर बनवा’ असे कधीही सांगू नका. उन्हाळ्यात परीक्षा झाली की मुले पांगतात, आणि त्यांनी लिहिलेले ॲप दिवाळीपर्यंत बंद पडते. ते दुरुस्त करू शकणारा कोणी उरत नाही. त्यांच्याकडून नोंदी भरून घ्या, तक्ते मांडून घ्या, कार्यकर्त्यांसाठी मराठीत छोटे व्हिडिओ करून घ्या: पावती कशी भरायची, फाइल ड्राइव्हवर कशी चढवायची. मुले गेली तरी हे मागे राहते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना जूनमध्येच भेटा, म्हणजे तुमचे काम त्यांच्या वर्षाच्या आखणीत बसते.

अनुभवी माणूस हवा असेल तर पुणे-मुंबईकडे बघा. पुण्यात सेवा सहयोग, मुंबईत कनेक्टफॉर आणि आयव्हॉलंटिअर या संस्था स्वयंसेवक जोडून देतात. टाटा समूहाच्या प्रोएंगेज उपक्रमात समूहातले कर्मचारी काही महिने अर्धवेळ एखाद्या संस्थेसाठी आपले कौशल्य देतात. इथे अर्ज करताना तो अर्ध्या पानाचा, एका कामाचा असू द्या. आणि तुमच्याच गावची, आता हिंजवडीत किंवा बंगळुरूत नोकरी करणारी मुले-मुली विसरू नका. अभ्यासिकेत बसून शिकून गेलेली एखादी मुलगी असेल तर तिला आधी फोन करा. तिला तुमच्या वीजकपातीपासून हेडसरांच्या स्वभावापर्यंत सगळे माहीत असते.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण हा विषय येणारच. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. पण ज्याने अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतले आहे त्याचे पैसे, आणि त्याने संस्थेला दिलेला लॅपटॉपसुद्धा, एफसीआरएच्या, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याच्या, कक्षेत येतो. ती नोंदणी तुमच्याकडे नाही. तेव्हा अशा भाच्याकडून वस्तू घेऊ नका. त्याचा वेळ मागा. व्हिडिओवरून तक्ता शिकवायला त्याला कायद्याची काही आडकाठी नाही.

यंत्रांबद्दल. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यामुळे कंपन्यांतून जुने संगणक मोठ्या संख्येने बाहेर पडत आहेत. कोणी ‘दहा संगणक देतो’ म्हणाले तर आनंदाने लगेच टेम्पो पाठवू नका. आधी एवढे विचारा: प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का, कारण त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, चार्जर आणि चालणारी बॅटरी आहे का, हार्ड डिस्क जागेवर आहे का, आणि संस्थेच्या नावाने देणगीपत्र मिळेल का. यांतले काही नसेल तर ते दान नसून ई-कचरा तुमच्या खोलीत हलवणे आहे, आणि त्याची विल्हेवाट तुमच्या माथी येते.

तुमच्या दोन संगणकांना एसएसडी (वेगवान डिस्क) आणि जास्तीची रॅम बसवा. नव्या संगणकाच्या किमतीच्या थोड्याशा हिश्श्यात ते काम होते आणि वेगातला फरक त्याच दिवशी जाणवतो. त्यांवर लिनक्स मिंट आणि लिबरऑफिस टाकून ते अभ्यासिकेतल्या मुलींना द्या. कार्यालयासाठी बिल आणि हमीसह एक नूतनीकृत लॅपटॉप घ्या. लॅपटॉपच घ्या, कारण वीज गेली तरी काम चालू राहते. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यावर सगळे उतरवा आणि ती कार्यालयात न ठेवता खजिनदारांच्या घरी ठेवा.

मराठीचा एक प्रश्न राहिला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमचे जुने अहवाल श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये, आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी खुणांचा खच दिसतो. त्यात शोधता येत नाही, ईमेलमध्ये चिकटवता येत नाही, आणि फॉन्ट बंद पडला की संस्थेचा वीस वर्षांचा इतिहास वाचता येणार नाही. आजपासून सगळे नवे लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखे उघडणाऱ्या अक्षरांत, करा. फोनवर गूगलच्या कीबोर्डने किंवा मराठीत बोलून टाइप करता येते. ज्यांना टंकलेखनाची भीती आहे अशा ज्येष्ठ विश्वस्तांनाही बोलून लिहिणे चटकन जमते. छपाईसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या गटाचे मुक्ता आणि बालू हे देखणे फॉन्ट मोफत आहेत. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी साधनेही मोफत मिळतात, मात्र जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात. हेच ते विद्यार्थ्यांना देण्याचे उत्तम काम. आधी इतिवृत्ते, मग वार्षिक अहवाल, शेवटी पत्रव्यवहार.

अभ्यासिकेत अठरा वर्षांखालच्या मुली आहेत, म्हणून हेही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अठराखालील मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात अपेक्षित आहे. प्रवेश अर्जावरच मराठीत चार ओळी टाका: कोणती माहिती घेतो, कशासाठी, कोणाला दाखवतो, आणि नको असल्यास कोणाला सांगायचे. पालकांची सही घ्या. आधारची छायाप्रत गरज नसताना मागू नका. मुलींचे फोटो आणि फोन नंबर स्वयंसेवकांच्या खासगी फोनमध्ये राहू देऊ नका. काम झाले की ड्राइव्हवर चढवून फोनमधून काढायचे, हा नियम पहिल्या दिवशी सांगा. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. गावातल्या मुलीचा नंबर चुकीच्या हाती गेला तर तिची अभ्यासिका बंद होते, कधी शिक्षणही.

राहता राहिला पैसा. डोमेन, नूतनीकृत लॅपटॉप, जुन्या दोन संगणकांची दुरुस्ती, हार्ड डिस्क, ब्रॉडबँड आणि केंद्रचालकाचे मानधन मिळून पहिल्या वर्षी साठ-सत्तर हजारांत बसवता येईल, पुढच्या वर्षांत त्याहून बरेच कमी. हा खर्च ‘कार्यालयीन खर्च’ या एका ओळीत लपवू नका. देणगीदार त्या ओळीला कात्री लावतात. त्याऐवजी प्रस्तावात कामाशी जोडून लिहा: ‘१२० मुलींची उपस्थिती आणि प्रगती नोंदवण्यासाठी एक लॅपटॉप’, ‘दोन कार्यकर्त्यांचे सहा महिन्यांचे एक्सेल प्रशिक्षण’, ‘नोंदी व्यवस्थेसाठी तंत्रज्ञाचे वार्षिक मानधन’. गावातल्या पतसंस्थेला, साखर कारखान्याला किंवा रोटरीला लॅपटॉपसारखी एकच ठरावीक वस्तू मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त असते. मानधनासाठी मात्र ज्यांचा तुमच्यावर विश्वास आहे अशा जुन्या देणगीदारांकडे जा, कारण त्यांना माणसाची किंमत कळते. प्रस्ताव लिहून झाला की मला पाठवा, खर्चाचे रकाने मी बघून देईन.